शेतकऱ्याच्या ताटात काय उरले?

हिवरखेड-तेल्हारा भागातला शेतकरी सोयाबीन विकतो आणि त्याच पैशातून घरासाठी डाळ, तेल, ज्वारीसुद्धा विकत आणतो. याचे कुणाला नवल वाटत नाही, हेच नवल! २०१५ मध्ये शासनाने अकोला, अमरावतीसह १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २ रुपये किलोने गहू आणि ३ रुपये किलोने तांदूळ देणे सुरू केले. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी रोख रक्कम देण्याचे ठरले. मदत गरजेची होतीच. पण पोट भरणे वेगळे आणि पोषण होणे वेगळे.

आधुनिक शेती वाईट, असे कुणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळात परदेशी लाल मिलो खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांना संकरित बियाण्याचे मोल ठाऊक आहे. मात्र पुढे सोयाबीन आले, २००२ नंतर बीटी कपाशी आली आणि शेतात घरच्या खाण्याचे पीक उरेनासे झाले.

ज्वारी एकटी गेली नाही. कडबा गेला, गोठा रिकामा झाला, लेकरांच्या वाटीतले दूध-ताक आटले. मूग-उडदाचे तास गेले, बांधावरची अंबाडी गेली. निंदणाला गेलेल्या बाया पदरात चिवळ, तांदुळजा खुडून आणीत. तणनाशकाने तोही फुकटचा भाजीपाला संपवला. लोह, चुना शरीराला मिळायचा तो यातूनच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. जंत, मलेरिया, लागोपाठची बाळंतपणे ही कारणे आहेतच. पण निकस आहार हे मोठे कारण.

"ज्वारी पेरली तर रानडुकरे आणि पाखरे ठेवतात का?" असे शेतकरी विचारतात. प्रश्न खरा आहे. चौघांनी शेजारी-शेजारी पेरली तर राखण वाटून घेता येते. निदान घरापुरते चार तास मुगाचे आणि बांधाला अंबाडी, एवढे तर कोणालाही जमेल. घरच्या बाईला विचारून पेरणी ठरवली तर आणखी बरे!

भाजी-भाकरीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागते. चहा मात्र जेवणानंतर तासभर टाळा. आणि फवारणी झालेल्या शेतातली भाजी, कितीही हिरवीगार दिसली तरी, खुडू नका.