गुलमंडीचे पुस्तक कोण लिहिणार?

गुलमंडीच्या चौकात सायंकाळी घटकाभर उभे राहिले, की शहर म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. पैठण गेटकडून टिळकपथाने येणारा माणसांचा लोंढा, सुपारी हनुमानाच्या देवळापुढे क्षणभर जोडले जाणारे हात, शेजारच्या गल्लीतून कानी पडणारी उर्दू आणि वाळूजची पाळी संपवून दुकानाच्या पायरीवर टेकलेला कामगार, हे सारे येथे एकाच वेळी दिसते. परंतु येथून हाकेच्या अंतरावर, औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानात जाऊन महानगरी जीवनावरची मराठी पुस्तके मागितली, तर समोर येते ती मुंबई. फार तर पुणे. प्रादेशिक अभिमानापोटी आम्ही ही तक्रार करीत नाही. ज्या शहराचे पुस्तक होत नाही, त्या शहरातील माणसांचा हिशेबही कोणी ठेवीत नाही, हे आमचे खरे दुःख आहे.

शहरावर लिहिण्याची परंपरा मराठीत नवी नाही. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली आले, ना. वि. जोशी यांचे 'पुणे शहराचे वर्णन' १८६८ साली. शंभर वर्षांनी भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'ने (१९६५), बाबूराव बागुलांच्या 'मरण स्वस्त होत आहे'ने (१९६९) आणि नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) मराठी शहर दिवाणखान्यातून बाहेर काढले. नाका, झोपडपट्टी आणि वेश्यावस्ती हेही शहरच आहे, हे वाचकाला मान्य करावे लागले.

अलीकडच्या पुस्तकांतील जी टिकतील असे वाटते, ती याच वाटेने गेलेली आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. परंतु जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक आणि २०१२ साली साहित्य अकादमीचा सन्मान मिळवणारा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा कथासंग्रह यांमुळे त्या मनोऱ्यांच्या पायाखाली काय गाडले गेले, याचा विसर पडू शकला नाही. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी तर कामगारांना व त्यांच्या घरच्यांना बोलते करून २००४ साली गिरणगावाचा मौखिक इतिहासच सिद्ध केला. पुस्तकाने गिरणी परत मिळत नाही, हे खरे. परंतु येथे गिरणी होती आणि ती चालवणारी माणसे होती, हे नंतर कोणाला नाकारता येत नाही.

आता आपल्याकडे पाहा. १६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली, तेव्हापासूनचे हे नगर आहे. वली आणि सिराज यांनी उर्दू गझलेला येथूनच वळण दिले. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली येथे मिलिंद महाविद्यालय उभारले आणि पुढे गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने दलित लेखकांची पिढी घडवली ती याच गावातून. १९७१ साली दीड लाखाच्या आसपास असलेली वस्ती २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांवर गेली. इतके सारे घडूनही मराठी साहित्याच्या नकाशावर मराठवाडा म्हणजे दुष्काळ आणि खेडे, अशी वाटणी जणू कायमची होऊन बसली आहे. आमचे लेखकही तिला शरण गेले. बीड-जालन्याहून येथे येऊन स्थिरावलेला लेखक मागे राहिलेल्या गावाविषयी तळमळीने लिहितो. ज्या गल्लीत तो तीस वर्षे भाडे भरतो, ती गल्ली मात्र त्याच्या लेखणीत उतरत नाही. शेजारच्या उर्दू कवीचे नाव त्याला ठाऊक असते, पण त्याची लिपी वाचता येत नाही. भिंत एवढीच आहे. परंतु ती पुरेशी उंच आहे.

याचा परिणाम काय होतो? २०२३ साली शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. नावाविषयी सर्व बाजूंनी जेवढे बोलले गेले, त्याच्या शतांशानेही येथल्या कंत्राटी कामगाराविषयी, धुणीभांडी करणाऱ्या बाईविषयी, नळाची वाट पाहणाऱ्या वस्तीविषयी बोलले गेले नाही. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी, मध्य प्रदेशातील आपल्या घरी पायी निघालेली ती माणसे होती. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र देशाने पाहिले, हळहळ व्यक्त केली आणि पान उलटले. ते येथे कोणत्या खोल्यांत राहत होते, काय मजुरी घेत होते, हे सांगणारे पुस्तक आपल्या कपाटात कोठे आहे?

मागणी नोंदवून साहित्य निर्माण होत नाही, असा आक्षेप येईल. कादंबरीपुरता तो आम्हांला मान्य आहे. परंतु साक्षी नोंदवण्याचे काम प्रतिभेची वाट पाहत थांबून राहण्याचे कारण नाही. विद्यापीठाच्या मराठी आणि उर्दू विभागांनी मिळून वाळूज, चिकलठाणा आणि जुन्या शहरातील वृद्ध कामगारांच्या व कारागिरांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. मराठवाडा साहित्य परिषदेने वली-सिराजपासून बशर नवाजपर्यंतचे शहर मराठीत आणावे. १९६७ च्या कायद्याने अनुदान घेणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांनी अशी पुस्तके आवर्जून विकत घ्यावीत. यांतले काहीच अशक्य नाही. लागते ती इच्छा.

मुंबईतील अण्णावाडीचे पुस्तक कॅथरीन बू या अमेरिकी पत्रकार बाईंनी २०१२ साली लिहिले आणि ते जगभर वाचले गेले. परक्या माणसाने आपली वस्ती पाहावी, यात गैर काहीच नाही. परंतु आपण तिच्या शेजारी राहून ती पाहिली नाही, ही लाज मात्र आपलीच आहे. एके काळी गुलमंडीत फुलांचा बाजार भरत असे, एवढे तिच्या नावाने तरी सांभाळून ठेवले. आज तेथे उभ्या असलेल्या माणसांसाठी तेवढीही सोय आपण केलेली नाही.