जीव वाचला, पण गुण कोणी द्यायचे?

खालाची इजाजत घेऊन हे लिहिते आहे. तिच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला चार वर्षं झाली. स्तन न काढता फक्त गाठ काढली, मग रेडिएशन दिलं. तपासणीला डॉक्टर म्हणाले, "रिझल्ट छान आहे." खाला गप्प राहिली. घरी आल्यावर मला म्हणाली, "बेटा, मी आरशासमोर ओढणी काढत नाही." यावर घरातल्या बायकांचं उत्तर ठरलेलं: जान बची ना, शुक्र करो!

शुक्र आहेच. पण मी शिक्षिका आहे. शिकवणाऱ्यानेच पेपर तपासला की हात सढळ होतो, आणि एकाच निबंधाला दोन परीक्षक वेगवेगळे गुण देतात, हे मी रोज पाहते. ऑपरेशननंतरच्या दिसण्याचंही तसंच. १९७९ साली अमेरिकेत हॅरिस यांनी त्यासाठी उत्कृष्ट, चांगला, बरा, वाईट अशा चार श्रेणी मांडल्या. पण श्रेणी ठरवायची ती पाहणाऱ्याच्या नजरेनेच. पुढे पोर्तुगालमधल्या पोर्टो शहरातल्या संशोधकांनी 'बीसीसीटी कोअर' हे सॉफ्टवेअर तयार केलं. फोटोवरून ते दोन्ही बाजूंमधला फरक, त्वचेच्या रंगातला फरक आणि व्रण किती दिसतो हे मोजतं आणि त्याच चारपैकी एक श्रेणी देतं.

हे मला पटतं. मोजमाप असेल तरच कोणत्या पद्धतीने रूप जास्त टिकतं, याची तुलना होईल. पण ही मशीनही तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांवरूनच गुण द्यायला शिकली. ओढणीआडचा संकोच फोटोत येत नाही. तो विचारावाच लागतो. 'ब्रेस्ट-क्यू' ही २००९ सालची प्रश्नावली नेमकं तेच करते. तिथे उत्तर देते ती बाई स्वतः.

माझं म्हणणं एवढंच की गुणपत्रिकेत दोन्ही रकाने हवेत. ते जुळले नाहीत, तर बाईचा रकाना खोडायचा नाही. फोटो तिच्या इजाजतीने, चेहरा वगळून, शक्यतो एखाद्या बाईनेच काढावा. हया जपूनही मोजमाप होतं.

पुढच्या महिन्यात खालाची तपासणी आहे. मी सोबत जाणार आहे. डॉक्टर पुन्हा "छान आहे" म्हणाले, तर वर्गात मुलांना विचारते तेच विचारीन: कशावरून?