दोन न्यायालये, एक आई

२९ जानेवारी २०१८ रोजी मलेशियाच्या संघीय न्यायालयाने, म्हणजे तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, इपोह शहरातील एका बालवाडी शिक्षिकेच्या बाजूने एकमुखी निकाल दिला. एम. इंदिरा गांधी हे त्यांचे नाव. पतीने त्यांच्या नकळत तीन मुलांचे केलेले धर्मांतर पाच न्यायाधीशांच्या पीठाने रद्दबातल ठरवले. नऊ वर्षांचा कायदेशीर लढा त्या जिंकल्या. मात्र ज्या धाकट्या मुलीसाठी तो लढला गेला, ती निकालाला सात वर्षे उलटून गेल्यावरही आईकडे परतली नव्हती. पतीने तिला घेऊन घर सोडले, तेव्हा ती अकरा महिन्यांची होती.

हे प्रकरण हिंदू आई आणि मुसलमान झालेला बाप यांच्यातील भांडण म्हणून पाहिले, तर त्याचा गाभा हाती लागत नाही. एकाच देशात दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी उभ्या आहेत, त्यांच्यामधली सीमा अर्धवट आखलेली आहे, आणि त्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाची दाद नेमकी कोणी घ्यायची, हे संसदेने कधीही स्पष्ट सांगितलेले नाही. इंदिरा गांधी यांची लढाई या मोकळ्या सोडलेल्या जागेशी आहे.

मलेशियाच्या राज्यघटनेतील तिसरा अनुच्छेद इस्लामला संघराज्याचा धर्म मानतो आणि इतर धर्मांचे शांततेने पालन करण्याची मुभा देतो. अकरावा अनुच्छेद प्रत्येक व्यक्तीला धर्मस्वातंत्र्य देतो. शरिया न्यायालये ही संघराज्याची नव्हे, तर राज्यांची निर्मिती आहेत. त्यांचा अधिकार इस्लाम धर्म पाळणाऱ्या व्यक्तींपुरता आणि मुख्यतः विवाह, घटस्फोट, वारसा, धर्माचरण अशा विषयांपुरता मर्यादित आहे. शिक्षा देण्याची त्यांची कमाल मर्यादाही संघीय कायद्याने बांधली आहे : तीन वर्षे कैद, पाच हजार रिंगिट दंड आणि सहा फटके. कागदावर हे चित्र सुटसुटीत दिसते.

१९८८ मध्ये घटनेत अनुच्छेद १२१ (१अ) हे कलम घालण्यात आले. शरिया न्यायालयांच्या कक्षेतील बाबींवर दिवाणी उच्च न्यायालयांना अधिकार राहणार नाही, असे ते सांगते. शरिया न्यायालयाने कौटुंबिक वादात दिलेला निर्णय दिवाणी न्यायालयाने उलथवू नये, हा त्यामागील हेतू होता आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता. पण एक पक्षकार मुसलमान आणि दुसरा नसेल तर काय, याबद्दल कलम मौन पाळते. धर्म सोडू इच्छिणाऱ्या माणसाने कोणाकडे जावे, याबद्दलही ते काही बोलत नाही. पुढील तीन दशकांतील बहुतेक गाजलेले खटले या मौनातून उभे राहिले.

इंदिरा गांधी यांच्याच प्रकरणाचा क्रम पाहावा. २००९ मध्ये पतीने इस्लाम स्वीकारला आणि तिन्ही मुलांच्या धर्मांतराची प्रमाणपत्रे मिळवली. त्या वेळी ना मुले तेथे हजर होती, ना त्यांची आई. शरिया न्यायालयाने मुलांचा ताबा पतीला दिला. आई मुसलमान नसल्यामुळे त्या न्यायालयात तिला स्थान नव्हते. २०१० मध्ये दिवाणी उच्च न्यायालयाने ताबा आईला दिला. आता एकाच मुलीबाबत दोन परस्परविरोधी आदेश अस्तित्वात होते. दोन्ही न्यायालयांच्या आदेशांत आपण सापडलो आहोत, अशी भूमिका तत्कालीन पोलीस महानिरीक्षकांनी घेतली आणि अंमलबजावणी थांबली. अवमानाच्या वॉरंटानुसार पतीला अटक करावी, असे संघीय न्यायालयाने २०१६ मध्ये पोलिसांना फर्मावले. तरीही तो सापडला नाही.

धर्मांतराच्या वैधतेचा प्रवासही असाच हेलकावे खात झाला. उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते रद्द केले, अपील न्यायालयाने २०१५ मध्ये बहुमताने तो निर्णय फिरवला आणि २०१८ मध्ये संघीय न्यायालयाने आईचे म्हणणे मान्य केले. अठरा वर्षांखालील व्यक्तीचा धर्म पालकाने ठरवावा, असे घटना म्हणते. येथे ‘पालक’ हा शब्द एकवचनी असला, तरी त्याचा अर्थ आई आणि वडील दोघेही असा घ्यायला हवा, असे न्यायालयाने सांगितले. त्याहून महत्त्वाचे दुसरे सूत्र होते. प्रशासनाच्या कृतीची घटनेच्या कसोटीवर तपासणी करण्याचा दिवाणी न्यायालयांचा अधिकार हा घटनेचा पाया आहे आणि १२१ (१अ) कलमाने तो हिरावला जात नाही.

हा निकाल मोठा खराच. मात्र त्याने धर्मस्वातंत्र्याचा संपूर्ण प्रश्न सोडवला, असे समजणे घाईचे ठरेल. जन्माने मुसलमान असलेल्या आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या लीना जॉय यांच्या ओळखपत्रावरील ‘इस्लाम’ हा शब्द काढण्यास ३० मे २००७ रोजी संघीय न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी नकार दिला होता. आधी शरिया न्यायालयाकडून धर्म सोडल्याचा दाखला आणावा, असे बहुमताचे म्हणणे. म्हणजे ज्या धर्माचे आपण अनुयायी नाही असे ती व्यक्ती सांगते, त्याच धर्माच्या न्यायालयाने परवानगी दिली तर तिचे म्हणणे खरे. घटनेची मलय माणसाची व्याख्याच इस्लाम धर्म पाळणारा अशी असल्याने हा प्रश्न श्रद्धेपुरता राहत नाही. तो वांशिक ओळखीला आणि राजकारणाला जाऊन भिडतो. २०१८ च्या निकालाने इंदिरा गांधी यांच्यासारख्या बिगरमुस्लिमांसाठी दार उघडले, पण लीना जॉय यांच्यासमोरचे दार होते तसेच बंद राहिले.

या सगळ्यात कायदेमंडळाची भूमिका सर्वांत दुबळी राहिली आहे. विवाहाच्या वेळी आईवडिलांचा जो सामाईक धर्म होता, त्यातच मुलांचे संगोपन व्हावे, असा निर्णय मलेशियाच्या मंत्रिमंडळाने २००९ मध्येच जाहीर केला होता. त्याचा कायदा झाला नाही. २०१७ मध्ये विवाह व घटस्फोट कायद्यात सुधारणा झाली आणि इस्लाम स्वीकारणाऱ्या जोडीदारालाही दिवाणी न्यायालयात घटस्फोट मागता येऊ लागला. मात्र अज्ञान मुलांच्या एकतर्फी धर्मांतराला आळा घालणारे नियोजित कलम ८८अ सरकारने मागे घेतले. मते जाण्याची धास्ती असलेल्या प्रश्नावर संसद गप्प बसली की तो प्रश्न न्यायाधीशांच्या टेबलावर येतो आणि प्रत्येक कुटुंबाला तो नव्याने लढावा लागतो. आणखी एका आईच्या तीन मुलांबाबत असाच खटला झाला आणि २०२४ मध्ये तिच्या बाजूने निकाल लागला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये संघीय न्यायालयाने केलांतान राज्याच्या शरिया फौजदारी कायद्यातील सोळा कलमे आठ विरुद्ध एक मतांनी अवैध ठरवली. हे विषय संघराज्याच्या कायद्याखाली येतात, राज्याच्या नव्हे, एवढाच त्याचा कायदेशीर आधार होता. तरीही न्यायालयाबाहेर जमलेल्या जमावाला तो धर्मावरील घाला वाटला. अधिकारक्षेत्राचा प्रश्न किती सहज अस्मितेचा होऊन बसतो, याचा हा नमुना.

आपल्याकडे पाहताना आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही; तरी एक फरक नोंदवावा लागेल. भारतात धार्मिक न्यायपीठांना राज्यसत्तेचे बळ नाही. दारूल कझा किंवा फतवा यांना कायद्याची मान्यता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. दुसऱ्या विवाहासाठी हिंदू पतीने इस्लाम स्वीकारला तरी पहिला विवाह आपोआप संपत नाही, हे १९९५ च्या सरला मुद्गल निकालाने ठरले. इंदूरमधून सुरू झालेला शाहबानो खटलाही सर्वांसाठी असलेल्या सामान्य न्यायव्यवस्थेतच लढला गेला. वादाचे निकाल काहीही लागोत, दार एकच होते. मात्र झुकते माप आपल्या कायद्यातही आहे. हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमानुसार हिंदू धर्म सोडलेल्या व्यक्तीला हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून वागण्याचा हक्क उरत नाही. मलेशियात धर्म सोडून इस्लाममध्ये गेलेल्या पालकाचे पारडे जड झाले. येथे हिंदू धर्म सोडणाऱ्याचे हलके होते. दोन्हीकडे मुलाचे हित मागे पडण्याचा धोका सारखाच.

म्हणून मलेशियाच्या अनुभवातून घ्यायचा धडा ‘धार्मिक न्यायालये नकोत’ एवढाच नाही. आपल्या कौटुंबिक बाबी आपल्या धर्मनियमांनुसार सुटाव्यात, अशी कोणाची इच्छा असू शकते आणि लोकशाहीत तिला जागा असावी. पण त्या न्यायालयाचा आधार संमती हा हवा. ज्याने संमती दिली नाही किंवा दिलेली काढून घेतली, त्याला त्या कक्षेतून बाहेर पडण्याची वाट हवी, आणि ती वाट राखणारे न्यायालय सर्वांसाठी समान असले पाहिजे. अन्यथा घटनेतील धर्मस्वातंत्र्याचा अनुच्छेद वाचायला सुंदर, पण दाद मागायला निरुपयोगी ठरतो.

धाकटी मुलगी आता स्वतःचा धर्म स्वतः ठरवू शकेल अशा वयाच्या उंबरठ्यावर पोहोचली आहे. पालकाच्या संमतीचा ज्या कलमावर एवढा ऊहापोह झाला, ते तिला यापुढे लागूही होणार नाही. आईच्या हाती मात्र निकालपत्र आहे, आणि अकरा महिन्यांच्या बाळाची आठवण.