व्यक्तिगत क्यूआर कोड : ओळख कोणाच्या हाती?

एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या वरळी भागातून हरवलेला विशेष गरजा असलेला एक मुलगा काही तासांतच आपल्या कुटुंबाकडे परतला. स्वतःचा पत्ता सांगणे त्याला शक्य नव्हते. मात्र त्याच्या गळ्यातील लॉकेटमध्ये क्यूआर कोड होता आणि त्याच्या आधारे कुलाबा पोलीस त्याच्या पालकांपर्यंत पोहोचले. त्यापूर्वी, जुलै २०२३ मध्ये, मुंबई विमानतळ परिसरातील भटक्या कुत्र्यांच्या गळ्यातही लसीकरणाची माहिती देणारे असेच कोड बांधण्यात आले होते. दुकानाच्या गल्ल्यावरून हा काळा-पांढरा चौकोन आता किल्ल्यांचा जुडगा, प्रवासाची बॅग, मोटारीची काच आणि माणसाच्या गळ्यापर्यंत आला आहे. ही सोय निश्चितच मोलाची आहे. परंतु माणसाची ओळख अशा प्रकारे वस्तूवर चिकटवली जाते तेव्हा ती वाचण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्नही तिच्याबरोबर येतो.

जपानमधील डेन्सो कंपनीचे अभियंता मासाहिरो हारा यांच्या चमूने १९९४ मध्ये हा कोड तयार केला तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. पेटंट असूनही कंपनीने त्याचा वापर सर्वांना मोकळा ठेवला आणि २००० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. एका कोडमध्ये जास्तीत जास्त २ हजार ९५३ बाइट इतकाच मजकूर मावतो. म्हणजे छायाचित्र, ध्वनिफीत किंवा वैद्यकीय इतिहास त्या चौकोनात नसतोच. तेथे असतो केवळ एक पत्ता. खरी माहिती दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर असते आणि पुढील सर्व अडचणींचे मूळ येथेच आहे.

भारतात २०१६ नंतर यूपीआय व्यवहारांमुळे हा कोड घरोघरी पोहोचला. 'शीघ्र प्रतिसाद संकेत' यांसारखी भाषांतरे कागदावरच राहिली आणि बाजारात ग्राहक दुकानदाराला "स्कॅनर कुठे आहे?" असे विचारू लागला. वास्तविक स्कॅनर ग्राहकाच्याच हातात असतो. पण भाषा अशा तर्काची वाट पाहत नाही. शिक्षणात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडद्वारे कविता, चित्रफिती आणि स्वाध्याय जोडले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ऑगस्ट २०२३ पासून निवडक ३०० औषधांच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड अनिवार्य झाला, तर महारेराने त्याच महिन्यापासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत तो बंधनकारक केला. या सर्व ठिकाणी कोडमागे एखादी संस्था उत्तरदायी आहे. व्यक्तिगत कोडच्या बाबतीत मात्र तसे ठामपणे म्हणता येत नाही.

या संदर्भात जपानमधील इरुमा शहराचे उदाहरण उद्बोधक आहे. स्मृतिभ्रंशाने ग्रस्त वृद्ध वाट चुकल्यास त्यांना घरी पोहोचवता यावे, यासाठी तेथील प्रशासनाने २०१६ मध्ये नखांवर चिकटवण्याचे सुमारे एक सेंटिमीटरचे जलरोधक कोड उपलब्ध करून दिले. तो वाचल्यावर नगर कार्यालयाचा संपर्क आणि त्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक मिळतो. कोणी अनोळखी माणसाने तो वाचलाच, तरी त्याच्या हाती पडतो केवळ एक क्रमांक. ओळख पटवण्याचे काम कार्यालय करते. याउलट नाव, घरचा पत्ता, आजार आणि नातेवाइकांचे दूरध्वनी क्रमांक थेट दाखवणारा टॅग मदत करणाऱ्याला आणि फसवणूक करणाऱ्याला सारखाच उपयोगी पडतो. शाळेच्या दप्तरावर लावलेला असा टॅग बसथांब्यावर उभा असलेला कोणीही क्षणार्धात वाचू शकतो, हे पालकांच्या सहसा लक्षात येत नाही.

कायद्याकडे पाहिल्यास चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. मात्र व्यक्तीने स्वतःच सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही, आणि मुलांच्या बाबतीत 'संबंधित व्यक्ती' या संज्ञेत पालकांचाही समावेश होतो. कोणालाही वाचता येईल अशा टॅगवर पालकांनी दिलेली माहिती त्यांनीच सार्वजनिक केलेली मानायची काय? तसे मानल्यास ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे तेच त्यापासून वंचित राहण्याची शक्यता आहे.

दुसरी अडचण टिकाऊपणाची. छापलेला कोड वर्षानुवर्षे राहतो, त्यामागील पत्ता राहीलच असे नाही. २०१५ मध्ये जर्मनीत हाइन्झ कंपनीच्या केचपच्या बाटलीवरील कोड एका ग्राहकाला थेट अश्लील संकेतस्थळावर घेऊन गेला. स्पर्धा संपल्यानंतर कंपनीने संकेतनामाचे नूतनीकरण केले नव्हते आणि ते दुसऱ्याने घेतले होते. गूगलने आपल्या संक्षिप्त दुव्यांची सेवा ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्णतः बंद करण्याचे जाहीर केले होते. ऐनवेळी वापरात असलेले दुवे कायम ठेवण्याचा निर्णय झाला. व्यक्तिगत टॅग बहुधा 'डायनॅमिक' प्रकारचे असतात, म्हणजे कोड सेवा देणाऱ्या कंपनीकडे जातो आणि तेथून माहितीकडे. यामुळे माहिती बदलता येते हे खरे. पण वर्गणी थकली किंवा कंपनी बंद पडली, तर लॉकेट गळ्यात असूनही मुके होते.

वेल्समधील मॉनमथ या गावाने २०१२ मध्ये निराळी वाट निवडली. तेथील दुकाने, शाळा आणि ऐतिहासिक वास्तूंवर एक हजाराहून अधिक कोड लावून ते विकिपीडियावरील लेखांना जोडण्यात आले. यासाठी वापरलेली क्यूआरपीडिया ही प्रणाली वाचकाच्या मोबाइलची भाषा ओळखून त्या भाषेतील लेख उघडते. एकच फलक मराठी मोबाइलला मराठी आणि तमिळ मोबाइलला तमिळ मजकूर देऊ शकेल, ही कल्पना बहुभाषक भारताला किती मोलाची ठरावी! मात्र त्यासाठी त्या भाषेत लेख आधी लिहिलेला असावा लागतो.

कोडची सत्यता डोळ्यांनी पारखता येत नाही, हेही विसरून चालणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे अनेक दुकानांबाहेरील कोडवर रातोरात दुसरे कोड चिकटवण्यात आले आणि ग्राहकांचे पैसे भलत्याच खात्यात गेले. त्यानंतर महिन्याभरातच जर्मनीतील म्युनिक शहराच्या दफनभूमींत एक हजारावर थडग्यांवर अज्ञात कोड आढळल्याने खळबळ माजली. ते कामाच्या नोंदीसाठी एका बागकाम कंपनीने लावल्याचे चौकशीत निष्पन्न झाले.

युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांना क्यूआर कोडद्वारे वाचता येणारा 'डिजिटल पासपोर्ट' अनिवार्य होणार आहे. उत्पादनांच्या अशा पासपोर्टसाठी २०२४ मध्ये लागू झालेल्या तेथील नियमांनुसार माहितीची प्रत स्वतंत्र सेवादात्याकडे ठेवावी लागते आणि उत्पादक दिवाळखोरीत निघाला तरी ती ठरावीक काळ उपलब्ध राहणे आवश्यक आहे. ही तरतूद कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालासाठी आहे. एखाद्या मुलाच्या गळ्यातील लॉकेट तिच्या कक्षेत येत नाही.