तिकिटावर एक, कॉकपिटमध्ये दुसराच

श्रूजबरी आणि आसपासच्या मराठी बंधुभगिनींनो,

विमान कंपनी आणि वैमानिक यांची बोलणी फिसकटली, गणवेशातले वैमानिक फलक घेऊन विमानतळाबाहेर उभे राहिले, की आपल्याला आधी आठवते ते आपले तिकीट. मुलांच्या सुट्टीचे काय? पुण्याहून निघालेल्या आईबाबांचे पुढचे विमान चुकणार का? ही काळजी रास्त आहे. पण या भांडणाच्या मुळाशी दर वेळी पगारच नसतो. गेली तीस वर्षे अमेरिकी वैमानिक एका प्रश्नावर पुन्हापुन्हा अडून बसले आहेत: कंपनीच्या नावाने उडणारे विमान कंपनीचाच वैमानिक उडवणार, की स्वस्तात काम घेणाऱ्या कंत्राटदाराचा? तो प्रश्न आपलाही आहे. कसा, ते मुद्द्यांनी मांडत आहे.

१. ज्याचे तिकीट आपण काढतो, तो अनेकदा आपल्याला नेतच नाही. अमेरिकन ईगल, डेल्टा कनेक्शन, युनायटेड एक्स्प्रेस हे निव्वळ विमानावरचे रंग आहेत. आत बसलेला वैमानिक रिपब्लिकचा असतो, स्कायवेस्टचा असतो, पीएसएचा, एन्व्हॉयचा किंवा एंडेव्हरचा असतो. त्याचा पगार वेगळा, ज्येष्ठता यादी वेगळी, प्रशिक्षण वेगळे. यातल्या काही कंपन्या बड्या कंपनीच्याच पूर्ण मालकीच्या आहेत, तरीही तिथला वैमानिक बड्या कंपनीचा नोकर नाही. हे दूरच्या कुठल्या शहरात चालते असे समजू नका. वूस्टरच्या टेकडीवरच्या आपल्या विमानतळावरून २०१८ साली अमेरिकनने फिलाडेल्फियाची आणि २०१९ साली डेल्टाने डेट्रॉइटची सेवा सुरू केली, तीही अशाच प्रादेशिक कंपन्यांच्या विमानांनी. पैसे घेताना एक नाव आणि विमान उडवताना दुसरे, हे आपण का चालवून घ्यावे?

२. या कंत्राटदारीला आज जी मर्यादा आहे, ती वैमानिकांच्या करारातल्या ‘स्कोप’च्या कलमाने घातली आहे. अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या तिन्ही बड्या कंपन्यांत प्रादेशिक कंत्राटदाराला जास्तीत जास्त ७६ आसनांचे आणि ८६,००० पौंडांपर्यंत उड्डाण-वजनाचे विमान देता येते. अशी विमाने किती असावीत यावरही बंधने आहेत. ही रेघ सरकारने आखलेली नाही. ती वैमानिकांनी वाटाघाटींच्या टेबलावर, बहुतेक वेळा दुसरे काही सोडून देऊन मिळवली आहे. आणि तिला वळसा घालण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. युनायटेडने तर ७० आसनी विमानातली आसने काढून ते ५० आसनी केले आणि ५० आसनांच्या मर्यादेत बसवून कंत्राटदाराकडे दिले. प्रवाशांच्या नावाने इतका खटाटोप कधी कोणी केला आहे का?

३. कंत्राट हे कंत्राटदारांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचे हत्यार आहे. अमेरिकन आणि यूएस एअरवेज यांचे विलीनीकरण चालू असताना, २०१३ साली, यूएस एअरवेजच्या मालकीच्या पीएसएच्या वैमानिकांनी आपल्या करारात सवलती दिल्या. बदल्यात पीएसएला ३० नवी मोठी जेट विमाने मिळाली. मग तोच प्रस्ताव अमेरिकनच्याच मालकीच्या एन्व्हॉयच्या वैमानिकांपुढे आला: पगारवाढ गोठवा, तर विमाने देऊ. मार्च २०१४ मध्ये त्यांनी मतदान करून नकार दिला. व्यवस्थापनाचे उत्तर सरळ होते: नवी विमाने दुसरीकडे जातील आणि तुमचा ताफा लहान होईल. वर्ष सरता सरता त्याच वैमानिकांनी दहा वर्षांचा करार स्वीकारला. काम एकाच मालकाचे, विमानांवरचा रंग एकच, आणि तरी एका घरातली भाकरी दुसऱ्या घराला दाखवून दोघांनाही खाली आणले गेले.

डेल्टाच्या मालकीच्या कॉमएअरची गोष्ट याहून कठोर आहे. २००१ साली तिथल्या वैमानिकांनी ८९ दिवस संप केला आणि चांगला करार पदरात पाडून घेतला. पुढच्या वर्षांत कंपनी लहान होत गेली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये ती बंदच करण्यात आली. खर्च परवडत नाही, हे कारण. जिथे चांगला करार मिळवणे हाच गुन्हा ठरतो, तिथे तक्रार करायला कोण पुढे येईल? आणि तक्रार न करणारा दमलेला वैमानिक आपल्याला हवा आहे का?

४. याची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली आहे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेले विमान उतरण्याच्या काही मिनिटे आधी एका घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. तिकिटावर नाव काँटिनेंटलचे होते. विमान आणि वैमानिक कोलगन एअरचे. गती कमी झाल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने नेमकी उलटी कृती केली, असे तपास मंडळाने ठरवले. पण मंडळाच्या सुनावणीत आणखी एक चित्र उघड झाले. सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानांतून देश ओलांडून कामावर आली होती. नेवार्कजवळ खोली घेऊन राहावे असा तिचा पगार नव्हता. त्या तुटपुंज्या पगाराचीही सुनावणीत चर्चा झाली. काँटिनेंटलच्या स्वतःच्या वैमानिकाचे आयुष्य असे होते का?

मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनच्या खेपा घातल्या, म्हणून २०१० चा कायदा झाला. प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांचा अनुभव लागू लागला, विश्रांतीचे नियम बदलले, आणि विमान प्रत्यक्ष कोण उडवणार हे तिकीट विकतानाच सांगणे बंधनकारक झाले. (मालवाहू विमानांचे वैमानिक मात्र विश्रांतीच्या नव्या नियमातून वगळले गेले, जणू त्यांना झोप लागत नाही.) कोलगनच्या अपघातानंतर जवळपास सोळा वर्षे अमेरिकी विमान कंपन्यांचा तसा मोठा अपघात झाला नाही.

२९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनजवळ लष्कराच्या हेलिकॉप्टरशी प्रवासी विमानाची टक्कर होऊन ६७ जण गेले. त्यांत बॉस्टनच्या स्केटिंग क्लबचे सहा जण होते, आपल्याच राज्यातल्या क्लबची मुले, त्यांच्या आया, त्यांचे प्रशिक्षक. तो अपघात कंत्राटामुळे झाला असे कोणी म्हणू नये. ते त्या वैमानिकांवर अन्याय करणे होईल. पण विमान अमेरिकन ईगलच्या रंगातले आणि पीएसएचे होते. पीएसए हे नाव त्या रात्रीपूर्वी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते? आपली मुले ज्याच्या हाती सोपवतो त्याचे नाव अपघातानंतर कळावे, ही व्यवस्था मान्य करता येत नाही.

५. मुंबईकरांना हे वेगळे समजावायला नको. बेस्टची लाल बस हा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास होता. मग वेट लीज आले: रंग बेस्टचा, बस कंत्राटदाराची, चालकही त्याचाच. ऑगस्ट २०२३ मध्ये हे कंत्राटी चालक पगारासाठी संपावर गेले, तेव्हा शहराला कळले की आपली बस आपली राहिलेली नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात अशाच एका विजेच्या बसने गर्दीत माणसे चिरडली, आणि त्या चालकाला विजेची बस चालवण्याचे प्रशिक्षण किती मिळाले होते, हा प्रश्न प्रेते मोजल्यावर विचारला गेला. हीच पद्धत आता आपल्या मायदेशाच्या वाटेवरही आली आहे. जुलै २०२५ मध्ये इंडिगोने मुंबई–ॲमस्टरडॅम सेवा सुरू केली, ती नॉर्वेच्या नॉर्स अटलांटिककडून वैमानिकांसकट भाड्याने घेतलेल्या बोइंग ७८७ वर. भारतीय वैमानिकांच्या संघटनेने अशा भाडेकरारांना हरकत घेतली, ती केवळ नोकऱ्यांसाठी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. स्वतःचा वैमानिक घडवायचाच नाही असे ठरवणारी कंपनी उद्या कोणाच्या भरवशावर उडणार?

६. “कंत्राट थांबले तर लहान गावांची विमानसेवा जाईल,” हा आक्षेप नेहमी येतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. २०२२ साली अमेरिकनने इथाका, आयस्लिप आणि टोलीडो ही शहरे सोडली, ती वैमानिक अपुरे पडले म्हणून. वर्षानुवर्षे कमी पगार दिलात तर माणसे या पेशात येतील कशी? त्याच वर्षी अमेरिकनच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला ९० डॉलर केला. म्हणजे पैसा नव्हता असे नाही. आणि वूस्टरला नोव्हेंबर २०१३ मध्ये जेटब्लू आली, ती कुठल्याही प्रादेशिक कंत्राटदाराशिवाय, स्वतःच्या वैमानिकांनिशी. लहान विमानतळाला कंत्राटी वैमानिकच परवडतो, हे म्हणणे आपल्याच टेकडीवर खोटे ठरले आहे.

७. “मग संप कशाला?” अमेरिकेत वैमानिकाला मनात आले म्हणून संप करता येत नाही. १९२६ चा रेल्वे कामगार कायदा १९३६ पासून विमान कंपन्यांना लागू आहे. त्यात जुना करार मुदत सरली तरी चालूच राहतो. मध्यस्थ मंडळाने मोकळे केल्याशिवाय संप नाही, त्यानंतरही ३० दिवस थांबायचे. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकनचे वैमानिक संपावर गेले. वादाचा गाभा हाच होता: नवी लहान जेट विमाने कोणी उडवायची? राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काही मिनिटांत हस्तक्षेप करून संप थांबवला. इतकी बंधने पाळून कोणी फलक हाती घेत असेल, तर त्याला अडवणूक करणारा म्हणण्याआधी त्याच्या फलकावर काय लिहिले आहे ते वाचा.

८. आता आपले काम. वूस्टरचा विमानतळ २०१० पासून मासपोर्टकडे आहे, बॉस्टनचा लोगन विमानतळही तिच्याकडेच. ही सार्वजनिक संस्था आहे; तिला नागरिक म्हणून लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे. काँग्रेसमधले आपले प्रतिनिधी जिम मॅकगव्हर्न यांचे कार्यालय वूस्टरलाच आहे. आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला शेकडोंनी जमणारे आपण, एका पत्रावर सह्या करायला जमू शकत नाही का? पत्रात तीन गोष्टी मागू या. वूस्टरला नवी सेवा आणणाऱ्या कंपनीला सवलत देताना, विमान कोण उडवणार आणि त्याचे प्रशिक्षण कोणाच्या देखरेखीखाली झाले, हे मासपोर्टने आधी जाहीर करावे. प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीचे नाव तिकिटावर मोठ्या कंपनीच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावे. आणि जिच्या नावाने तिकीट विकले, त्या कंपनीवर वैमानिकाच्या विश्रांतीची व प्रशिक्षणाची कायदेशीर जबाबदारी यावी, कंत्राट कोणाचेही असो.