मूल होत नाही? पत्रिकेआधी नवऱ्याची तपासणी करा

काही दिवसांपूर्वी एक जोडपं आलं होतं. ती 38 वर्षांची, तो 41. लग्नाला सात वर्षं झालेली. मी नेहमीप्रमाणे जुने रिपोर्ट मागितले. त्यांनी जाडजूड फाईल काढली. तिच्यात सोनोग्राफीचे दोन कागद होते, बाकी पत्रिका, पूजेच्या सामानाच्या याद्या आणि पावत्या. कालसर्प शांती झाली होती. नारायण नागबळी झाला होता. नवग्रह होम दोनदा. शेवटचा सल्ला होता, गुरू रास बदलेपर्यंत थांबा. मी विचारलं, यांची वीर्यतपासणी कधी केली? उत्तर तिच्या सासूबाईंनी दिलं. "त्याची कशाला? दोष हिच्या पत्रिकेत आहे."

आठवड्याभरात ती तपासणी झाली. नमुन्यात एकही शुक्रजंतू नव्हता. दुसऱ्या नमुन्यातही नाही.

तुम्ही देवळात जाऊ नका, पूजा करू नका, असं मी कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. मूल होत नाही हे दुःख मोठं असतं, आणि देवापुढे बसून मन शांत होत असेल तर जरूर बसा. माझं भांडण वेगळं आहे. होम हा उपचार म्हणून विकला जातो आणि त्यासाठी तुमच्याकडून पैशापेक्षा महाग गोष्ट घेतली जाते. ती म्हणजे वेळ.

गुरुबदलाचंच घ्या. ज्योतिषात गुरू हा संततीचा कारक मानतात. गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे 12 वर्षं लागतात, म्हणजे तो एका राशीत साधारण वर्षभर असतो. "गुरू बदलला की होईल" याचा अर्थ वर्षभर थांबा. तो बदलल्यावर काही झालं नाही, तर पुढच्या राशीकडे बोट दाखवता येतं. अशी तीन-चार वर्षं सहज जातात. बाईच्या अंडाशयातली अंडी मात्र जन्मतःच मोजकी असतात, नवी तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि प्रत दोन्ही झपाट्याने उतरतात. या जोडप्यातल्या नवऱ्याला शुक्रजंतू नाहीत, तरी कधी कधी ते थेट वृषणातून काढून टेस्ट ट्यूब बेबीचा प्रयत्न करता येतो. पण त्याला बायकोची चांगली अंडी लागतात. ही बाई 32 व्या वर्षी आली असती तर मी जे आशेने बोललो असतो, ते आता तसं बोलता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या शेजारणीला शांती केल्यावर तीन महिन्यांत दिवस गेले. खरं असेल. पण हिशेब बघा. बाईचं वय चाळिशीच्या आत असलेल्या शंभर जोडप्यांनी काहीही न करता नियमित संबंध ठेवले, तर वर्षभरात ऐंशीहून अधिक जणींना दिवस जातात. राहिलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षी जातात, औषधाशिवाय. आणि पूजा कधी होते? वर्ष-दीड वर्ष वाट पाहून, घरचे कुजबुजायला लागल्यावर. म्हणजे ज्यांना तसंही मूल होणारच होतं, त्यांच्या दुसऱ्या वर्षाचं श्रेय होमाला जातं. ते पेढे घेऊन जातात. ज्यांना होत नाही ते पुन्हा सांगायला जात नाहीत, दुसरा गुरुजी शोधतात. (आमच्यातलेही काहीजण असल्या गरोदरपणाचं श्रेय टॉनिक आणि इंजेक्शनांना देतात, हे मला कबूल केलं पाहिजे. मुहूर्त गाठण्यासाठी सिझेरियन करणारेही आम्हीच.)

दोषांचंही गणित बघण्यासारखं आहे. राहू आणि केतू हे ग्रह नाहीतच. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला छेदतो ते हे दोन बिंदू. तिथे दगड नाही, वायू नाही, काही नाही. कालसर्प योग जुन्या प्रमाण ग्रंथांत सापडत नाही, असं अनेक ज्योतिषीच सांगतात. साडेसाती बारापैकी तीन राशींना कायम चालू असते, म्हणजे दर चार माणसांत एकाला. इतक्या सगळ्यांना दोष असेल तर कुठल्याही आजाराला कारण तयारच मिळतं.

पत्रिका वाचून माणसाबद्दल काही कळतं का, याची चाचणी आपल्याच पुण्यात झाली. 2008 साली जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 200 मुलांच्या पत्रिका घेतल्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. त्यातल्या प्रत्येकी 40 पत्रिका ज्योतिषांकडे गेल्या. कुठली कोणाची एवढंच सांगायचं होतं. 27 जणांची उत्तरं आली, बरोबर आली सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं तरी 50 येतात.

सगळ्यात जास्त चीड मला या गोष्टीची येते, की दोष बहुतेक वेळा सुनेच्या पत्रिकेत निघतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणासोबत असतं. वीर्यतपासणीला सुई नाही, भूल नाही, खर्च एखाद्या होमाच्या सामानाहून कमी. तरी ती सगळ्यात शेवटी होते, कारण तो रिपोर्ट घरात कोणालाच नको असतो. पत्रिका सोयीची पडते ती त्यामुळेच. उपवास तिने करायचे, ओल्या वस्त्राने तिने बसायचं, धुरात तिने खोकायचं.

तेव्हा बाईचं वय 35 च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून, 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच डॉक्टर गाठा. चाळिशीच्या पुढे असाल तर थांबूच नका. पाळी अनियमित असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा पूर्वी टीबी झाला असेल तरीही लगेच या, कारण आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्यामागे टीबी हे मोठं कारण आहे. वीर्याचा नमुना 2 ते 7 दिवस संबंध टाळून द्यायचा, दोष दिसला तर पुन्हा तपासायचा. दोघं मिळून या. तारीख पंचांग बघून ठरवलीत तरी माझी हरकत नाही, फक्त ती याच महिन्यातली असू द्या.