तलावाची नाडी नाल्याच्या मुखाशी

करवीरनिवासिनीचे दर्शन घेऊन निघालेला भाविक संध्याकाळी रंकाळ्याच्या काठी घटकाभर विसावतो. कोल्हापूरच्या लोकजीवनाशी इतक्या निकटचा हा तलाव. परंतु गेल्या काही दशकांत त्याने जलपर्णीचा वेढा सोसला, हिरव्या शेवाळाचा तवंग सोसला, काठावर उभे राहणे अशक्य करणारी दुर्गंधीही सोसली. दर वेळी उपाय ठरलेला: जलपर्णी काढायची, काठ सुशोभित करायचा. रोग पोटात आणि लेप कपाळावर, असा हा प्रकार!

तलाव आपोआप बिघडत नाही. त्यात येऊन मिळणारे प्रवाह त्याला बिघडवतात. श्याम सोसायटीच्या नाल्यासारख्या मार्गांनी रंकाळ्यात सांडपाणी मिसळत असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या आहेत. विसर्जनाने होणाऱ्या प्रदूषणाची चर्चा दर वर्षी रंगते. विसर्जनात विवेक हवाच. पण विसर्जन वर्षातून मोजके दिवस असते, नाला ३६५ दिवस वाहतो, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

म्हणूनच पाण्याची तपासणी तलावाच्या मध्यभागी करून भागणार नाही. तिथे दोष दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि दोषी प्रवाह कोणता, हेही कळत नाही. नमुना प्रत्येक नाल्याच्या मुखाशी घ्यायला हवा आणि पाण्याच्या गुणवत्तेसोबत प्रवाहाचे मानही मोजायला हवे. समजा, एखादा नाला रोज १० लाख लिटर पाणी आणतो आणि त्यात लिटरमागे केवळ २ मिलिग्रॅम फॉस्फरस आहे. हिशेब केला तर रोज २ किलो, म्हणजे वर्षाला ७३० किलो फॉस्फरस तलावात जातो. जलपर्णीला आणि शेवाळाला घातलेले हे खतच होय. मग वर कितीही यंत्रे फिरवा, खाली तिचे पोषण चालूच!

तपासणीत शिस्तही हवी. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते. त्यामुळे दुपारचे पाणी निरोगी भासते, पहाटे त्याच पाण्यात मासे तडफडतात. तेव्हा जागा तीच, वेळ तीच आणि पहिल्या पावसानंतरचा नमुना तर चुकताच कामा नये. कारण रस्त्यांवरची, गटारांतली साचलेली घाण तोच पाऊस वाहून आणतो. स्नानयोग्य पाण्यासाठी विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि बी.ओ.डी. कमाल ३ मिलिग्रॅम हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. या निकषावर आपल्या गावचा नाला कुठे बसतो, हे किती नागरिकांना ठाऊक आहे?

जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ सालचा आहे. उणीव कायद्याची नाही. उणीव आहे ती जागरूक समाजाची. प्रयोगशाळेतील चाचण्या तज्ज्ञांनीच कराव्यात. पण पाण्याचा रंग, वास, फेस, सामू यांची आठवड्याची नोंद महाविद्यालयीन विद्यार्थी, महिला मंडळे, गणेशोत्सव मंडळे सहज ठेवू शकतात. या नोंदी नाल्याच्या काठी फलकावर लागल्या, तर कोणते सांडपाणी कुठून येते, हा प्रश्न दडवता येणार नाही. प्रशासनाला उत्तर द्यावे लागेल आणि ज्यांच्या घरांची गटारे त्या नाल्यात सुटली आहेत, त्या नागरिकांनाही!

कलशपूजनाच्या वेळी आपण त्या तांब्याभर पाण्यात सप्तनद्यांना आवाहन करतो. ज्या समाजाने पाण्याला देवत्व दिले, त्याने दारातल्या ओहोळाकडे पाठ फिरवावी, ही विसंगती आहे. जलदेवतेची खरी पूजा तलावाच्या घाटावर नव्हे, नाल्याच्या मुखाशी सुरू होते. तिला पुष्पांजली जरूर वाहावी. पण हाती नोंदवहीही असावी.